आगरकर मास्तरांचे स्मरण

गणपती ही बुद्धीची देवता. म्हणूनच आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत, आयुष्यभर बुद्धीलाच प्रमाण मानणाऱ्या एका शिक्षकाचे स्मरण करावेसे वाटले. गोपाळ गणेश आगरकरांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण ते शेवटपर्यंत मास्तर होते, हे थोडे मागे पडते.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. कधी कारकुनी, कधी कंपाउंडरचे काम असे करीत ते शिकले. अकोल्याहून मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथेच टिळकांशी स्नेह जुळला. एम.ए. झाल्यावर चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण आता सुखाचे दिवस येतील अशी आशा धरू नकोस, असे आईला कळवून ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवू लागले. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले, त्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

१८८८ साली त्यांनी दोन कामे केली. ‘सुधारक’ पत्र काढले, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरे म्हणजे ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक. विषय व्याकरणाचा, वाक्याचे पृथक्करण करण्याचा. मला मात्र ही दोन्ही कामे एकच वाटतात. वाक्य सोडवून पाहणाऱ्याला कोण, कशाबद्दल, काय म्हणतो आहे हे नेमके कळते. आणि रूढीलाही मग तो तोच प्रश्न विचारतो.

याची किंमत त्यांनी मोजली. मतभेदांमुळे १८८७ साली ‘केसरी’ सोडला. विरोधकांनी तर जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर पोखरले होते, तरी १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. ज्यांच्याशी एवढे वाद झाले त्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. त्याच टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली होती.

मुनिरक्यातल्या बारावीच्या काही मुलांना मी रविवारी शिकवतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी सीयूईटी आली. चार पर्यायांतला बरोबर पर्याय मुले झटकन निवडतात. तो बरोबर का, असे विचारले की गप्प होतात. म्हणून मी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख देतो. त्यात विधान कोणते, पुरावा कोणता, हे वेगळे लिहायचे. मग आपल्याला न पटणारी बाजू, तो पक्ष मांडणाऱ्यालाही मान्य होईल अशी, लिहून दाखवायची. हे शेवटचे काम सर्वांत जड जाते. याला मार्क किती, असे एका पालकांनी विचारले. प्रवेशपरीक्षेत एकही नाही, हे खरे. पण शेजारच्या जेएनयूत पाऊल टाकल्यावर पहिल्याच चर्चेत याचीच गरज पडेल.

मंडळाला एक सुचवावेसे वाटते. उत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत एक बक्षीस विरुद्ध पक्ष सर्वांत प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मुलाला द्यावे. त्या बक्षिसाला आगरकरांचे नाव शोभून दिसेल.

गणपती बाप्पा मोरया!