रांगेतली कवयित्री

आमच्या लहानपणी शाळेच्या पुस्तकांना कव्हरे घातली जायची ती रशियन मासिकांच्या कागदाची. माझे मामा गिरणीत होते, लाल बावट्याच्या युनियनचे. त्यांच्याकडे 'सोव्हिएत देश' यायचे. वाचून झाले की ते जाड, गुळगुळीत, रंगीत अंक आम्हा भाचरांना मिळत. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर ट्रॅक्टरवर बसून हसणारी एक गुबगुबीत बाई वर्षभर होती. त्या देशात कोणी उपाशी राहत नाही, असे मामा सांगायचे. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभी असताना मला त्या बाईचा हेवा वाटायचा.

त्या गुळगुळीत कागदावर कधीच न दिसलेली एक बाई मला खूप उशिरा, पुस्तकांतून भेटली. आन्ना अख्मातोवा. तिची आयुष्यातली कितीतरी वर्षे रांगेत गेली.

तिचा जन्म 1889 चा, काळ्या समुद्राकाठी ओदेसाजवळचा. आडनाव गोरेंको. मुलगी कविता करते हे कळल्यावर वडिलांनी घराण्याच्या नावाला बट्टा नको म्हणून बजावले, तेव्हा तिने पणजीचे तार्तार आडनाव उचलले. 1910 मध्ये कवी निकोलाय गुमिल्योवशी लग्न झाले, 1912 मध्ये लेव्ह हा मुलगा. पंचविशी गाठायच्या आतच तिचे नाव रशियाभर झाले होते.

मग 1917 ची क्रांती आली. पेत्रोग्राद शहरात सरपण मिळेना, तेव्हा लोकांनी कुंपणे जाळली, फर्निचर जाळले, पुस्तके जाळली. सगळी नाटकशाळा, कॅफे, मैफली मागे पडल्या आणि या नामवंत कवयित्रीने कृषिविद्या संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी धरली. 1921 च्या ऑगस्टमध्ये कटाच्या आरोपावरून गुमिल्योवला गोळ्या घातल्या. तोवर त्यांचा घटस्फोट झाला होता, पण सरकारदरबारी ती आणि तिचा मुलगा कायमचे संशयित झाले. 1925 पासून तिचे लेखन छापणे बंद झाले. तसा लेखी हुकूम कुठे नव्हता. फक्त कोणी छापत नव्हते, आणि ते सुमारे पंधरा वर्षे चालले.

आता तिच्या घराचे ऐका, कारण मला खरी गंमत (गंमत तरी कसे म्हणू?) तिथे वाटते. लेनिनग्राडला फोंतांका नदीच्या काठी शेरेमेत्येव सरदारांचा जुना राजवाडा आहे. त्याच्या मागच्या भागातल्या एका फ्लॅटमध्ये कलासमीक्षक निकोलाय पुनिनबरोबर ती राहत असे. पुनिनची पहिली बायको आणि मुलगीही तिथेच! जायचे कुठे? शहरात खोली मिळणे म्हणजे लॉटरी लागण्यासारखे. 1938 मध्ये पुनिनशी संबंध तुटले, तेव्हाही ती घर सोडून गेली नाही, जाऊ शकली नाही. त्याच फ्लॅटमधल्या दुसऱ्या खोलीत गेली. आपल्या चाळीत नळावरून भांडणे होतात, पण निदान दार लावून घेता येते. तिथल्या सामायिक घरांत एका स्वयंपाकघरात चार-चार बिऱ्हाडे, प्रत्येकाचे टेबल वेगळे, स्टोव्ह वेगळा, कित्येक ठिकाणी विजेचा दिवासुद्धा ज्याचा त्याचा. भिंतीपलीकडे कोण ऐकते आहे, हा प्रश्न रात्रंदिवस.

1935 मध्ये लेव्हला आणि पुनिनला पकडले. तिने स्टालिनला पत्र लिहिले, दोघे सुटले. 1938 मध्ये लेव्हला पुन्हा उचलले, तेव्हा मात्र पत्राचा उपयोग झाला नाही. सतरा महिने ती लेनिनग्राडच्या तुरुंगांबाहेर रांगेत उभी राहिली. ही रांग पावाची नव्हे. खिडकीपाशी नंबर आला की कैद्याच्या नावाने थोडे पैसे द्यायचे. घेतले, तर मुलगा अजून आत आहे. परत केले, तर त्याला हलवले असेल किंवा त्याहून वाईट. शेकडो बाया थंडीत, मुकाट्याने. अशाच एका रांगेत शेजारच्या बाईने कानाशी लागून विचारले, हे सगळे तुला लिहिता येईल का? तिने येईल म्हणून सांगितले.

पण लिहून ठेवायचे कुठे? झडतीत कागद सापडला की संपले. लिदिया चुकोव्स्काया ही मैत्रीण भेटायला आली की अख्मातोवा मोठ्याने चहापाण्याच्या, हवापाण्याच्या गप्पा मारी आणि बोलता बोलता चिटोऱ्यावर काही ओळी लिहून पुढे करी. लिदिया त्या पाठ करी. मग काडी ओढून चिटोरा रक्षापात्रात जाळून टाकायचा. 'रेक्विएम' हे काव्य असे वर्षानुवर्षे मोजक्या विश्वासू माणसांच्या डोक्यात राहिले. आपल्याकडे तुकोबांची गाथा नदीत बुडवल्यावर लोकांच्या मुखातून तरली म्हणतात, ते वाचताना मला आठवले.

युद्धात तिला वेढा पडलेल्या लेनिनग्राडमधून विमानाने बाहेर काढले. ताश्कंदला राहून ती 1944 मध्ये परतली. 1946 च्या ऑगस्टमध्ये पक्षाने ठराव करून तिला आणि विनोदी लेखक झोश्चेन्कोला झोडपले. झ्दानोवने तिला जोगीण आणि वेश्या यांचे मिश्रण ठरवले. लेखक संघातून हकालपट्टी झाली, आणि संघाबरोबर रेशनकार्डही गेले. रेशन चालू असलेल्या देशात कार्ड जाणे म्हणजे काय, हे आमच्या आईच्या पिढीला सांगावे लागणार नाही. मित्रमंडळींनी तिला जगवले. राजवाड्यात तोवर सरकारी संस्था आली होती. आपल्याच घरी जायला तिला फोटोचा पास दाखवावा लागे. व्यवसायाच्या जागी त्यावर शब्द होता, रहिवासी.

1949 मध्ये पुनिनला पकडले, लेव्हलाही. पुनिन 1953 मध्ये छावणीतच वारला. मुलासाठी तिने 1950 मध्ये स्टालिनच्या स्तुतीच्या कविता छापल्या. काहींनी तिला त्याबद्दल नावे ठेवली. मला तो अधिकार वाटत नाही. लेव्ह सुटला नाहीच. पोटासाठी ती अनुवाद करत राहिली. चिनी, कोरियन, आपले टागोरसुद्धा.

लेव्ह 1956 मध्ये सुटून आला, आणि आईने आपल्यासाठी पुरेसे केले नाही, हा सल घेऊन आला. दोघांचे बोलणेही पुढे तुटले. रांगेतले सतरा महिने त्याला दिसले नव्हते. त्याची छावणीतली वर्षे तरी तिला कुठे दिसली होती?

अखेरीस थोडे ऊन पडले. कोमारोवो गावात लहानसे लाकडी घर मिळाले, 1964 मध्ये इटलीत पारितोषिक, 1965 मध्ये ऑक्सफर्डची पदवी. 5 मार्च 1966 रोजी ती गेली. स्टालिन गेला तीही 5 मार्चच, 1953 ची. 'रेक्विएम' तिच्या मायदेशात छापले गेले 1987 मध्ये. 2006 मध्ये नेवा नदीच्या काठी, क्रेस्ती तुरुंगाच्या समोर तिचा पुतळा उभा राहिला. पुतळा झालाच तर रांगेच्या जागी व्हावा, असे तिने त्या काव्यात मागितले होते.

मामा 'रेक्विएम' वाचायला राहिले नाहीत. असते तर रागावले असते, की गप्प बसले असते, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी दिलेल्या कव्हराचे ते भूगोलाचे पुस्तक माळ्यावर कुठेतरी आहे.