स्वतःच्या कंपनीतला परका : दादासाहेब फाळके

नाशिक, १६ फेब्रुवारी : भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कथा मराठी वाचकांना ठाऊक आहे. विम्याची पॉलिसी, स्वयंपाकघरात धुतली जाणारी फिल्म, तारामतीच्या भूमिकेतील पुरुष नट हे प्रसंग शाळेच्या पुस्तकांपासून रुपेरी पडद्यापर्यंत अनेकदा सांगितले गेले. त्यानंतरच्या तीस वर्षांकडे मात्र क्वचितच कोणी वळून पाहते. हा उद्योग देशात ज्याने आणला, त्याला त्याच उद्योगातल्या भांडवलाने कसे वागवले आणि त्यानेही त्या भांडवलाशी जुळवून घेणे कसे नाकारले, याची हकिकत याच वर्षांत दडलेली आहे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका वेदशास्त्रसंपन्न घराण्यात फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाचा ओढा पौरोहित्याकडे नव्हता. सर जे. जे. कलाशाळा आणि पुढे बडोद्याचे कलाभवन येथे त्याने चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची विद्या आणि जादूचे प्रयोग असे नाना उद्योग शिकून घेतले. गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तो प्लेगच्या साथीने उधळला. त्याच काळात पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली आणि भागीदारीत छापखाना काढला.

हा छापखाना पुढच्या सगळ्या कथेची रंगीत तालीम ठरला. लोणावळ्यात सुरू झालेला व्यवसाय दादरला आला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने त्याची कीर्ती झाली. रंगीत छपाईची यंत्रे आणि नवी तंत्रे पाहण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. कामाचा दर्जा वाढला तसे भागीदारांशी खटके उडू लागले, आणि ज्या कारखान्याला आपल्या हाताच्या कसबाने नाव मिळवून दिले होते, त्यातून ते बाहेर पडले. कारखाना चालूच राहिला. कसब मात्र कारागिराबरोबर गेले. चाळिशी गाठलेल्या, घरसंसार असलेल्या माणसासाठी हा मोठा धोका होता. पण हिशेबाच्या वहीसाठी कलेला मुरड घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि हा स्वभाव पुढेही बदलला नाही.

याच रिकाम्या काळात गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसावेत या ध्यासाने ते झपाटले. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या कलागृहात चित्रनिर्मितीची पद्धत पाहिली, विल्यमसन कॅमेरा आणि छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले आणि एप्रिलमध्ये परतले. दादरच्या घराचाच कारखाना झाला. पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडत, दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत. तारामतीसाठी स्त्री नटी मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभे करण्यात आले. तिथे त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात सुमारे ३७०० फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. फाळके तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

यशानंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. ‘सत्यवान सावित्री’ पूर्ण झाला. १९१४ मध्ये हे चित्रपट घेऊन फाळके पुन्हा इंग्लंडला गेले. तिथेच राहून चित्रपट करण्याचे प्रस्ताव त्यांना आले होते. ते नाकारून ते मायदेशी परतले, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटले. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. नाशिकच्या कारखान्यातील माणसांना पोसायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांनीही या स्वदेशी उद्योगाला भांडवल मिळावे म्हणून खटपट केली. अखेर १९१७ च्या ‘लंकादहन’ने दिवस पालटले. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून पहाऱ्यात न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते.

पैसा दिसू लागला तेव्हा पैसेवालेही आले. १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ अस्तित्वात आली. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापकीय भागीदार झाले. लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर यांचे भांडवल होते. फाळके कार्यकारी भागीदार झाले. त्यांची ‘फाळकेज फिल्म्स’ ही संस्था या कंपनीत विलीन झाली. वरकरणी यात गैर काही नव्हते. सहा वर्षे एकट्याने उचललेला कर्जाचा डोंगर उतरला, यंत्रसामग्री आली, माणसांना नियमित वेतन मिळू लागले. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे कंपनीचे आरंभीचे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. ‘कालिया मर्दन’मधील बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी. पाण्याखालच्या झुंजीची त्यातील दृश्ये आजही पाहणाऱ्याला थक्क करतात.

तरीही याच सुगीच्या दिवसांत वितुष्ट आले. कारण साधे होते आणि दोन्ही बाजूंनी खरे होते. फाळके एखादे ट्रिक दृश्य मनासारखे उतरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा चित्रित करत, सेट मोडून नवा उभारत, खर्चाची आणि दिवसांची मोजदाद ठेवत नसत. भांडवल गुंतवणाऱ्यांना ठरलेल्या तारखेला ठरलेल्या खर्चात चित्रपट हवा होता. आजवर घरातल्या घरात, सरस्वतीबाईंच्या पंक्तीला जेवून काम करणाऱ्या कारखान्यावर आता हिशेबनिसाची नजर आली. फाळके स्वतः मालक असताना काटकसर करत, ती स्वतःच्या निर्णयाने. दुसऱ्याने लादलेली काटकसर त्यांना अपमानास्पद वाटली. भागीदारांना व्यवहारशून्य म्हणता येणार नाही, आणि फाळक्यांना निव्वळ हट्टी म्हणणेही अन्यायाचे होईल. कंपनीच्या रचनेतच असा एक दोष होता की ज्याच्या कल्पनेवर साऱ्याचे उत्पन्न अवलंबून होते, त्याच्या हाती अखेरचा निर्णय नव्हता. चित्रपट कंपनीचे, मूळ निगेटिव्ह कंपनीच्या, आणि नाव तेवढे फाळक्यांचे.

हा पेच पुढच्या काळातल्या कल्पक माणसांनाही चुकलेला नाही. जपानच्या कोनामी या व्हिडिओ गेम कंपनीत १९८७ पासून ‘मेटल गिअर’ ही मालिका घडवणारे हिदेओ कोजिमा २०१५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले, तेव्हा मालिकेचे नाव आणि हक्क मागेच राहिले आणि पुढचा खेळ त्यांच्याविना बाजारात आला. नाशिकच्या कंपनीनेही तेच केले. ‘कालिया मर्दन’नंतर फाळके राजीनामा देऊन कुटुंबासह काशीला निघून गेले, आणि त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या माणसांकडून कंपनीने चित्रपट काढणे चालू ठेवले.

काशीत त्यांनी ‘रंगभूमी’ हे मराठी नाटकधंद्यावरील उपरोधिक नाटक लिहिले. ते आकाराने प्रचंड होते आणि रंगमंचावर चालले नाही. चित्रपटातून निवृत्त झाल्याचे जाहीर करूनही त्यांना स्वस्थ बसू दिले गेले नाही. ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकर यांच्यासह अनेकांनी परतण्याचा आग्रह धरला. इकडे फाळक्यांवाचून कंपनीचेही अडत होते. आपटे यांनी बोलावणे धाडले आणि फाळके नाशिकला परत आले. पूर्वीचा कार्यकारी भागीदार आता निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून काम करू लागला. या शब्दांतला फरक त्या काळच्या वाचकालाही कळला असेल. या दुसऱ्या पर्वात त्यांनी पुष्कळ चित्रपट केले, पण पहिल्या पर्वाची झळाळी त्यांत क्वचितच आली. कलावंत तोच होता, पण प्रेक्षकही बदलत होता. शहरांत सामाजिक आणि साहसी चित्रपटांची चलती सुरू झाली होती. पौराणिक कथांचा फाळक्यांचा साचा जुना भासू लागला होता, हेही नोंदवायला हवे.

मतभेद पुन्हा झाले. भट्ट यांच्या पाठबळावर फाळक्यांनी ‘सेतुबंधन’ हा भव्य चित्रपट स्वतंत्रपणे हाती घेतला. हंपीपासून रत्नागिरीपर्यंत चित्रीकरण झाले, पैसा मधेच संपला, काम रखडले आणि अखेर हिंदुस्थान कंपनीच्याच मदतीने ते पुरे करावे लागले. तोपर्यंत १९३१ चा ‘आलम आरा’ बोलू लागला होता. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज चिकटवला गेला. हिंदुस्थान कंपनीही लवकरच बंद पडली.

महाराष्ट्रातील अन्य कल्पक मंडळींनी याच सुमारास वेगळी वाट काढली होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघे १९२९ मध्ये बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी प्रभात काढली. काम करणारेच मालक, अशी ही रचना होती. फाळक्यांना अशी जोडीदारी लाभली नाही, किंवा त्यांनी ती कधी शोधलीच नाही. सारे काही एकट्यालाच येत असल्याने बरोबरीचा सहकारी त्यांना मिळणेच कठीण होते.

१९३४ च्या अखेरीस कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी बोलपट करण्याचे निमंत्रण दिले. चौसष्टाव्या वर्षी फाळके ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकू लागले. ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये पडद्यावर आला. शंकराच्या जटांतून उतरणाऱ्या गंगेच्या ट्रिक दृश्यांत जुना जादूगार दिसत होता, पण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. सुमारे ९५ कथापट आणि पंचविसाहून अधिक लघुपट असा त्यांच्या कामाचा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. त्या मानाने हाती राहिलेली शिल्लक नगण्य होती. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, तेव्हा फाळक्यांची हलाखी व्यवसायाच्या ध्यानी आली. व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेतला, निर्माते-कलावंतांनी वर्गणी दिली, कमी पडली ती भर प्रभातने घातली आणि त्या निधीतून नाशिकला फाळक्यांसाठी घर उभे राहिले. कामगार-मालक असलेल्या संस्थेनेच हे करावे, यात आश्चर्य नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस हा पडद्यावरचा पहिला जादूगार पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकत बसला होता आणि त्यालाही चित्रव्यवसायाच्या मदतसंस्थेनेच निवारा दिला, तो १९३२ मध्ये.

नाशिकच्या या घरात फाळके स्वस्थ बसले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मवर निर्बंध आले होते आणि नव्या चित्रपटासाठी सरकारी परवाना लागत असे. कुटुंबीयांच्या आठवणीनुसार त्यांनी १९४४ च्या आरंभी परवान्यासाठी अर्ज धाडला होता. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारीला आले. दोन दिवसांनी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

पुढे १९६९ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला, पहिला मान देविकाराणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यांचे चित्रपट मात्र जवळजवळ सारेच नाहीसे झाले. कंपन्या बंद पडल्या तशा निगेटिव्हही गेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी ज्या थोड्या रिळांचा शोध घेतला, त्यांतली काही फाळके कुटुंबाकडे जपून ठेवलेली सापडली. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे आज पाहायला मिळतात. ती मूळ चित्रपटाची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.