टायर तासणारा बर्ट

बाबांची किंवा मामाची जुनी बाइक वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. इंजिन ठणठणीत असतं, पण टायर बदलायची वेळ आली की दुकानदार मान हलवतो. या साइजचा माल नाही, थोडा रुंद टायर बसवून देऊ का, असं विचारतो. टायर बसला म्हणजे झालं, असं आपल्यालाही वाटतं. पण टायर रिमवर बसणं वेगळं आणि गाडीला शोभणं वेगळं. हा फरक सर्वांत टोकाच्या वेगात कुणी जोखला असेल, तर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे, त्याच भागातल्या शेतावर तो वाढला. १९२० मध्ये त्यानं एक नवी कोरी बाइक घेतली, इंडियन स्काऊट. नावावरून फसू नका. ‘इंडियन’ ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची कंपनी, आपल्या देशाशी तिचा संबंध फक्त नावापुरता. ६०० सीसीची ही गाडी जेमतेम ताशी ९० किलोमीटरपर्यंत जायची. त्या काळात तेवढं पुरेसं होतं, पण बर्टला पुरेना.

मग सुरू झाला अनेक दशकांचा उद्योग. बर्ट मोटारसायकली विकायचा, दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात स्काऊटला हात घालायचा. पुढे तर नोकरी सोडून तो शेडमध्येच राहू लागला. पैसा बेताचा, म्हणून पार्ट विकत आणण्याऐवजी घरीच बनवायचे. पिस्टन तो जुन्या डब्यांच्या साच्यात ओतायचा. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून घडवायचा. प्रयोग फसला, काही फुटलं, तर तो तुकडा भंगारात जायचा नाही. शेडमधल्या एका फळीवर तो मांडून ठेवला जायचा. वेगाच्या देवापुढचा नैवेद्यच तो! त्या फळीकडे पाहिलं की कळतं, बर्टच्या जुगाडामागे किती चुका आणि किती हिशेब होते.

आता टायरकडे येऊ. इंजिनाची ताकद वाढवता येते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचते टायरच्या तळहाताएवढ्या भागातून. वेग तिप्पट झाला की फिरणाऱ्या टायरचं रबर बाहेर खेचणारा जोर नऊपट होतो. जाड नक्षीचं रबर अशा वेळी चाकापासून सुटायला बघतं. शिवाय प्रत्येक फेरीत ते दबतं, पुन्हा फुलतं आणि तापतं. ताशी ९० ला बिनतक्रार चालणारा टायर २५० च्या पुढे फाटू शकतो, तो असा. बर्टनं त्यावर काय केलं? साधे टायर घेतले आणि हातात चाकू घेऊन त्यांची नक्षी तासून टाकली. रबराचा थर पातळ झाला, वजन घटलं, तापणं कमी झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण चाकू थोडा खोल गेला तर आतलं कापड उघडं पडणार, आणि कुठे कमी-जास्त तासलं गेलं तर चाक थरथरणार. तेही अंगाखालची गाडी बुलेटच्या दुप्पट वेगानं धावत असताना!

हे टायर ज्या जमिनीवर धावले तीही तशीच होती. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिलची मिठागरं आहेत. मैलोन् मैल सपाट, कोरडा, टणक मिठाचा थर. वळण नाही, खड्डा नाही. जहाजानं गाडी न्यायची, पैसे साठवत राहायचं आणि पुन्हा यायचं, असं बर्ट वर्षानुवर्षं करत राहिला. गाडीवर माशासारखं निमुळतं कवच चढलं. १९६२ मध्ये तिनं ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढल्यावर १९६७ मध्ये एक हजार सीसीखालच्या गटात ताशी सुमारे २९५ किलोमीटर. तेव्हा गाडी ४७ वर्षांची होती आणि बर्ट ६८ चा. ६ जानेवारी १९७८ ला तो गेला. गंमत म्हणजे २०१४ मध्ये त्या विक्रमाच्या हिशेबातली चूक त्याच्या मुलाच्या लक्षात आली आणि आकडा दुरुस्त झाला, किंचित वाढूनच. मरणानंतर ३६ वर्षांनी बर्टचा वेग वाढला!

२००५ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’. अँथनी हॉपकिन्सनं बर्ट अफाट केलाय. त्यात टायरच्या भेगा बुटाच्या पॉलिशनं झाकल्याचा एक प्रसंग आहे. हसू येतं, पण ते पाहून कुणी गोटा झालेला टायर घेऊन पावसात निघू नये. बर्टनं नक्षी काढली कारण मिठागरावर पाणी नव्हतं. आपल्याकडे जूनपासून रस्त्यावर पाणीच पाणी, आणि ते बाजूला सारायचं काम नक्षीच करते. त्याच्यासाठी जो टायर बरोबर, तोच आपल्यासाठी घातक.

जुन्या गाडीला टायर घेताना हाच हिशेब लावायचा. जुन्या बाइकवर २.७५-१८ असे इंचातले आकडे असतात, नव्या टायरवर ९०/९०-१८ असे, त्यात रुंदी मिलिमीटरमध्ये. शेवटचे १८ जुळले म्हणजे सगळं जुळलं असं नाही. रुंद टायर चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो, अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो. शेवटचं इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगतं, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आणि बाजूला कोरलेले चार आकडे वाचा. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानात नवा कोरा दिसणारा टायर कधी कधी वर्षानुवर्षं गोदामात पडून असतो, आणि रबर नुसतं पडूनही कडक होतं.

बर्टच्या टायरवर यातलं फारसं लिहिलेलं नव्हतं. सगळं त्याला चाकू हातात घेऊन, फळीवर तुकडे मांडत शिकावं लागलं. आपल्याला फक्त गुडघे टेकून टायरची बाजू वाचायची आहे.