गाणं आधी पायांत उतरवणारे शिक्षक : एमिल जाक-डालक्रोझ



समूहगीताचा सराव घेताना तुम्हालाही हा अनुभव आला असेल. मुलांना शब्द पाठ असतात, चालही येते. पण दुसऱ्या कडव्यापासून सगळी पुढे पळायला लागतात. आपण टेबलावर पट्टी आपटतो, तरी लय काही सांभाळली जात नाही. याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एका संगीतशिक्षकाने आपलं आयुष्य घालवलं. त्यांचं नाव एमिल जाक-डालक्रोझ. चला, आज त्यांची ओळख करून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

त्यांचा जन्म ६ जुलै १८६५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. आई-वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. आई संगीत शिकवायची आणि पेस्टालॉझींचे विचार मानायची. डी.एड.ला आपण वाचलेले पेस्टालॉझी तेच! १८७५ मध्ये हे कुटुंब जिनिव्हाला आलं. पुढे जिनिव्हा, पॅरिस आणि व्हिएन्ना येथे एमिल यांचं संगीतशिक्षण झालं. १८८६ मध्ये अल्जिअर्सच्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदाचे सहायक संचालक म्हणून त्यांनी काम केलं. तिथे अरब संगीतातले अगदी वेगळे ताल त्यांच्या कानावर पडले.

वर्गात सापडलेलं सूत्र

१८९२ मध्ये ते जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांची बोटं पियानोवर सफाईने फिरत. पण कागदावरचं संगीत मनात ऐकू येत नसे आणि लय सारखी ढळत असे. मग त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. वर्गात ज्याची लय चुकते, तोच रस्त्याने अगदी एकसारखी पावलं टाकत चालतो! म्हणजे लय त्याच्या शरीरात आहेच. आपणच त्याला बाकावर बसवून ती बांधून ठेवली आहे.

मग त्यांनी मुलांना उभं केलं. ते पियानो वाजवत आणि मुलं त्या लयीत चालत. लय वाढली की पावलं जलद, आवाज हळू झाला की पावलंही हलकी. इशारा मिळताच थांबायचं किंवा चाल बदलायची. हात मात्रा दाखवणार आणि पाय सुरांची लांबी. या पद्धतीला पुढे ‘युरिदमिक्स’ हे नाव मिळालं. मुलांसाठी त्यांनी हावभावांसह म्हणायची कितीतरी गाणीही लिहिली.

विरोध आणि मान

हे सगळं सहज स्वीकारलं गेलं का? मुळीच नाही. अनवाणी पाय आणि सैल कपडे पाहून लोकांनी नाकं मुरडली. पण डालक्रोझ थांबले नाहीत. १९१० मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथून त्यांना बोलावणं आलं. तिथे त्यांच्यासाठी खास संस्था उभी राहिली, देशोदेशीचे विद्यार्थी आले. पुढे नृत्यक्षेत्रात गाजलेल्या मेरी विगमन आणि मारी रॅम्बर्ट यांनी तिथेच धडे घेतले.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मन तोफांनी फ्रान्समधल्या रेंसच्या प्राचीन चर्चवर मारा केला. त्याच्या निषेधपत्रावर डालक्रोझ यांनी सही केली. जर्मनीत संताप उसळला आणि हेलेराऊ कायमचं सुटलं. इतक्या कष्टाने उभं केलेलं काम एका सहीपायी गेलं! तरी १९१५ मध्ये जिनिव्हात त्यांनी नव्याने संस्था सुरू केली. ती आजही चालू आहे. १ जुलै १९५० रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गासाठी

पावली खेळत अभंग म्हणणारे वारकरी आपण पाहतोच. त्यांचे पाय, टाळ आणि गळा एकाच लयीत असतात. मग वर्गातच मुलांना खांबासारखं का उभं करायचं? पुढच्या सरावाला एवढं करून बघा :

• आधी शब्द नकोत. नुसत्या चालीवर जागच्या जागी पावलं टाकू द्या.
• ओळ संपली की दिशा बदला. श्वास कुठे घ्यायचा, ते मुलांना आपोआप कळेल.
• लांब सुराला हात हवेत सावकाश पुढे न्या. सूर मध्येच तुटणार नाही.
• शेवटी स्थिर उभं राहून गा. लय आता आतून चालेल.

चालू न शकणारं मूल असेल, तर त्याने हाताने, मानेने लय धरावी. राष्ट्रगीत मात्र सावधान स्थितीतच!

जे मूल बेताल वाटतं, त्याला गप्प उभं करण्याआधी एकदा चालायला लावून पाहा. डालक्रोझ यांच्या आयुष्यातून आपण एवढं घेतलं तरी पुरे.