करकरेसाहेब आणि एक हरवलेलं जॅकेट

हेमंत करकरे हे नाव आपल्याला माहीत आहे ते २६/११ मुळे. पण ते आपल्यासारखेच इंजिनिअर होते, तेही मेकॅनिकलचे, हे आपल्या हॉस्टेलवर किती जणांना ठाऊक असेल?

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. शाळा वर्ध्याला. १९७५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेजमधून (आजचं व्हीएनआयटी) ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. नंतर नॅशनल प्रॉडक्टिव्हिटी कौन्सिल आणि हिंदुस्थान लिव्हरमध्ये नोकरी. म्हणजे आज ज्या प्लेसमेंटसाठी आपण रात्रीचा दिवस करतो, ती त्यांच्या हातात होती. ती सोडून १९८२ च्या बॅचमध्ये ते आयपीएस झाले.

चंद्रपूरसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात त्यांनी काम केलं. तिथल्या जंगलात पडलेल्या लाकडांतून शिल्पं करायचा छंद त्यांना लागला. पुढे सात वर्षं 'रॉ'साठी ते ऑस्ट्रियात होते. जानेवारी २००८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे, म्हणजे एटीएसचे, ते प्रमुख झाले. त्याच वर्षी मालेगावच्या स्फोटाचा तपास त्यांच्याकडे आला आणि त्यावरून कौतुक आणि टीका दोन्ही त्यांच्या वाट्याला आली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास ते दादरच्या घरी जेवत होते. फोन आला आणि ते ताट सोडून सीएसटीला निघाले. तिथे हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट चढवताना सगळ्या देशाने त्यांना टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर थोड्याच वेळात कामा हॉस्पिटलजवळ, रंगभवनच्या गल्लीत, पोलिसांच्या क्वालिसवर एके-४७ च्या फैरी झडल्या. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर तिघेही गेले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांच्या अंगावर तर जॅकेटही नव्हतं.

आता इंजिनिअर म्हणून थोडं बघू. ९ एमएम पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. एके-४७ ची गोळीसुद्धा जवळपास ८ ग्रॅमचीच, पण वेग ७०० च्या पुढे. अर्धा एमव्ही स्क्वेअर करून बघा, एनर्जी तिप्पट होते! शिवाय ती टोकदार असते. पोलिसांनी रोजच्या ड्युटीला घालायचं मऊ, हलकं जॅकेट (साधारण दोन-तीन किलोचं) पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलची गोळी अडवायची तर त्यात सिरॅमिक किंवा तशी कडक प्लेट लागते आणि वजन आठ-दहा किलोवर जातं. म्हणजे 'बुलेटप्रूफ' हा शब्दच अर्धवट आहे. कुठल्या बुलेटसाठी प्रूफ, हा खरा प्रश्न.

मऊ जॅकेट म्हणजे शेवटी कापडच. हिंदमाताच्या दुकानात आपण पोत आणि वजन बघून कापड घेतो, तशीच इथेही निवड करावी लागते. एक जात अरामिडची, म्हणजे केव्हलार. ते १९६५ साली स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलं. उष्णता सोसतं, पण ओल आणि ऊन त्याला मानवत नाही. दुसरी जात खास पॉलिथिलीनची. ती पाण्यावर तरंगते इतकी हलकी, ओलीची पर्वा नाही, पण १५० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी तिची ताकद कमी व्हायला लागते. म्हणून कित्येक जॅकेटांत दोन्हींचे थर एकत्र घालतात.

आता जुलैतलं हिंदमाता डोळ्यांसमोर आणा. गुडघाभर पाण्यात पोलीस ट्रॅफिक काढतोय. अरामिड भिजू नये म्हणून ते वॉटरप्रूफ कव्हरमध्ये शिवतात, त्यामुळे आत हवा जात नाही आणि माणूस घामाने भिजतो. मग जॅकेट चौकीतल्या खुंटीवर राहतं. खुंटीवरचं जॅकेट कितीही भारी ग्रेडचं असलं तरी कोणाला वाचवणार? म्हणून हलकेपणा ही चैन नाही, ती सुरक्षेचाच भाग आहे.

करकरेसाहेबांच्या जॅकेटचं पुढे काय झालं? ते हरवलं. पत्नी कविताताईंनी माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा जॅकेट सापडत नाही असं उत्तर मिळालं. हॉस्पिटलच्या कचऱ्यात गेलं असं नंतर सांगण्यात आलं. जॅकेट निकृष्ट होतं की त्याने झाकलेलाच नव्हता त्या भागात गोळ्या लागल्या, यावर खूप वाद झाले. पण कुठलीही वस्तू फेल का झाली हे शोधायचं तर ती वस्तू हातात लागते. आपल्या लॅबमध्ये तुटलेला टेस्ट पीससुद्धा नंबर टाकून जपून ठेवतात. इथे तर एका माणसाचा जीव गेला होता.

२६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. कविताताई प्रश्न विचारत राहिल्या. २०१४ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचे अवयव दान करण्यात आले. २०१८ साली बुलेटप्रूफ जॅकेटसाठी भारताचं स्वतःचं स्टँडर्ड आलं, आयएस १७०५१. २०२४ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने 'अभेद' नावाची जॅकेटं केली, कमीत कमी ८.२ किलोची. चांगलंच आहे, पण दादरच्या चौकात आठ तास उभ्या राहणाऱ्या हवालदाराला ८.२ किलोसुद्धा जडच.

मित्रांनो, फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधताना आपण सगळे तेच तेच सिनॉप्सिस फिरवतो. घामात आणि पावसात दिवसभर अंगावर राहील असं जॅकेट, हा विषय मात्र अजून मोकळा आहे. एका मेकॅनिकल इंजिनिअरला आपण इंजिनिअर लोकांनी एवढं तरी देणं लागतो.