डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. तेथून काही किलोमीटरवर नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी या गावातील नेवसे पाटलांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण हेही सातारा जिल्ह्यातलेच. १८४८ मध्ये या दांपत्याने मुलींसाठी काढलेली शाळा सर्वांना ठाऊक आहे. जोतीरावांच्या अखेरच्या आजारपणाची कहाणी मात्र क्वचितच सांगितली जाते.

१८८८ हे वर्ष जोतीरावांच्या आयुष्यात मोठ्या दिमाखाने उगवले होते. मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि रयतेच्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे त्यांनी राजपुत्रासमोर निर्भीडपणे मांडले. ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि लिहिता हात निकामी झाला. त्या वेळी त्यांचे वय ६१ होते.

पक्षाघात हा केवळ हातापायांचा आजार नव्हे. इजा होते ती मेंदूला, आणि माणसाचा स्वभाव, भावना, उमेद यांचे सूत्रही मेंदूच्याच हाती असते. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की, अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना नैराश्य ग्रासते. काहींना हसू किंवा रडू आवरत नाही. काही जण क्षुल्लक कारणाने संतापतात, तर काहींना कशातच गोडी वाटेनाशी होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा आधार झालेल्या माणसाला घोटभर पाण्यासाठीही दुसऱ्याकडे पाहावे लागते, हे दुःख त्यात मिसळते. घरच्यांना वाटते की माणूसच बदलला. वस्तुतः तो आजाराचाच भाग असतो, स्वभावाचा दोष नसतो.

जोतीरावांवर डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. सत्यशोधक समाजातील हा स्नेही मोठा आधार ठरला. रात्रंदिवस शुश्रूषा करीत होत्या त्या सावित्रीबाई. घरची आर्थिक स्थिती खालावली होती. मामा परमानंद यांनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे मदतीसाठी शब्द टाकला. अशाही स्थितीत ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने पार पडला. जोतीरावांचे मन आपल्या कार्यात किती गुंतलेले होते, हे त्यावरून कळते.

आणि त्यांनी पुन्हा लेखणी धरली, ती डाव्या हाताने. साठी उलटलेल्या, आजाराने खचलेल्या माणसाने न सरावलेल्या हाताने एकेक अक्षर गिरवीत ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये पूर्ण केले. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतील त्वेष सर्वपरिचित आहे. या अखेरच्या ग्रंथातही टीकेची धार कमी झालेली नाही. पण त्याबरोबर एक विशाल वत्सलता प्रकटली आहे. एकाच निर्मिकाची लेकरे असलेल्या स्त्री-पुरुषांना समान हक्क असावेत, असे तो सांगतो. एका घरात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी असला, तरी सर्वांनी परस्परांवर प्रेम करीत नांदावे, असे चित्र त्यात रेखाटले आहे.

ही वत्सलता आजाराची देणगी होती, असे मानणे योग्य नव्हे. या विचारांची मुळे चाळीस वर्षांच्या कार्यात होती. अनाथ अर्भकांसाठी आणि विधवांसाठी उघडलेल्या घराच्या दारात, अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या पाण्याच्या हौदात ती रुजली होती. पक्षाघाताने हात हिरावला, पण ही मुळे उखडली नाहीत. मात्र ती जपण्यास एकट्याचा निर्धार पुरला नसता. वैद्य, मित्र आणि सर्वांत अधिक सावित्रीबाई सोबत होत्या. आजही अशा रुग्णाला औषधोपचार आणि व्यायाम यांच्याइतकीच गरज असते ती त्याच्या चिडण्यामागची, अबोल्यामागची वेदना ओळखणाऱ्या माणसांची. मन खचल्याची लक्षणे दिसली तर तीही डॉक्टरांना सांगावयास हवीत. त्यावर उपाय आहेत.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेवला. अंत्ययात्रेत रूढी बाजूला सारून सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. पुढे सत्यशोधक समाजाची धुराही त्यांनी वाहिली. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिलेला तो ग्रंथ १८९१ मध्ये यशवंताने प्रसिद्ध केला. छापील पुस्तक पाहण्यास त्याचा कर्ता उरला नव्हता. परंतु त्याच्या आजारपणात घर सांभाळणाऱ्या नायगावच्या लेकीने ते पाहिले.