शिडं फाडा, जहाज ठेवा

टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना ‘संडर’ हा शब्द ओळखीचा असेल. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतला हा नियम. समोरच्याच्या अंगावर वार करायचा नाही, त्याच्या हातातल्या तलवारीवर नाहीतर ढालीवर करायचा. प्रत्येक पदार्थाला कठीणपणाचा आकडा दिलेला. लाकडाला 5, लोखंडाला 10, दोराला चक्क 0. तुमच्या वारातून तो आकडा वजा होतो आणि उरेल तेवढं त्या वस्तूचं नुकसान. नियम भारी आहे, पण खेळाडू तो वापरायला कचरतात. कारण साधं आहे. शत्रूची जादूची तलवार मोडली, तर लढाई जिंकल्यावर आपल्या हाती येतात ते तुकडेच!

काय मोडायचं आणि काय शाबूत ठेवायचं, हा हिशेब 300 वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर एका माणसाने पक्का बसवला होता. कान्होजी आंग्रे.

जन्म 1669 च्या सुमाराचा. मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून आंग्रे झालं. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि किनारा जवळजवळ वाऱ्यावर पडला. त्या पडत्या काळात सुवर्णदुर्गावरून कान्होजी पुढे आला आणि शतक संपायच्या आत सरखेल झाला. मुख्य ठाणं अलिबागचा कुलाबा किल्ला.

रोहा-अष्टमीच्या मुलांना इथला भूगोल समजवायला नको. अष्टमीच्या पुलाखालची कुंडलिका रेवदंड्याला समुद्रात शिरते. तिच्या मुखाशी, रेवदंड्याला आणि कोर्लईला, पोर्तुगीज. त्याच्या दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी. उत्तरेला मुंबईत इंग्रज. आणि या सगळ्यांच्या मधोमध कुलाबा. घर बांधायला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती!

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जड. समोरासमोर उभं राहून जाड लाकडी कुशीवर गोळे मारत बसणं म्हणजे 5 आकड्याच्या लाकडाशी डोकं आपटणं. कान्होजीच्या आरमारात होत्या गुराबा आणि गलबतं. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, बुडाला उथळ, नाळेवर पुढे रोखलेल्या दोन तोफा. गलबत आणखी लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठी जहाजं जागच्या जागी थिजायची. मग गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची, तेही शत्रूच्या पाठीमागे. जहाजाच्या तोफा बहुतेक दोन्ही कुशींना असतात, पिछाडीला अगदी थोड्या. तिथून गोळे सुटायचे ते डोलकाठ्यांवर, शिडांवर, दोरखंडांवर. म्हणजे बरोब्बर त्या 0 आकड्याच्या वस्तूवर! शिडं फाटली, दोर तुटले की जहाज लंगडं व्हायचं. मग गलबतं चहूकडून भिडायची आणि दोन-तीनशे माणसं तलवारी उपसून वर चढायची. जहाजाचा सांगाडा शाबूत, माल शाबूत, तोफा शाबूत. बदलायची काय, तर शिडं आणि दोर.

नोव्हेंबर 1712 मध्ये तर खुद्द मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका हाती लागली. लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाउन मारला गेला, त्याची बायको कैद झाली. 30,000 रुपये खंडणी घेऊन पुढच्या फेब्रुवारीत कैद्यांची सुटका झाली. इंग्रजांनी त्याला चाचा म्हटलं. आता बघा, आपला परवाना नसलेलं जहाज पकडायचं हा धंदा या समुद्रात पोर्तुगीज त्याच्या आधी दोनशे वर्षं करत होते. कान्होजीचं दस्तक न घेता गेलं तर मात्र ती चाचेगिरी! हा न्याय आपल्याला तरी पटत नाही.

1713 मध्ये त्याने शाहू महाराजांच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं. तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी लढण्याऐवजी बोलणी केली आणि 1714 मध्ये कान्होजी शाहूंच्या बाजूला आला.

मग मुंबईला चार्ल्स बून गव्हर्नर झाला आणि संडरचा डाव उलटा पडायची वेळ आली. बूनने आंग्र्यांचं आरमारच मोडायचं ठरवलं. 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला केला, फसला. 1720 मध्ये विजयदुर्गावर जड तोफांचा एक तरंगता तराफाच नेला, त्याचं नाव फ्राम. आंग्र्यांची काही जहाजं जळाली, किल्ला तसाच उभा. 1721 च्या अखेरीला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. कान्होजीच्या मदतीला बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन उतरले. जानेवारी 1722 मध्ये पोर्तुगीजांनी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

4 जुलै 1729 ला कान्होजी वारला. समाधी अलिबागेत आहे; अष्टमीहून एका दिवसात जाऊन येता येतं. पुढे मुलांमध्ये फूट पडली, तुळाजी आंग्र्यांचं पेशव्यांशी बिनसलं आणि पेशवे इंग्रजांना जाऊन मिळाले.

फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. किल्ल्याखाली आंग्र्यांचं आरमार नांगरलेलं होतं. एक गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला, ते पेटलं आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर जात काही तासांत सगळं आरमार जळून गेलं. हे रेस्टोरेशन मूळचं इंग्रज कंपनीचं. तुळाजीने ते 1749 मध्ये, बापाच्याच पद्धतीने, न बुडवता जिंकून आणलं होतं.